जखम सहा-सहा महिने भरत नाही, कुठलं मलम लावू? जरा लांबलचक उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. सासरे ६४ वर्षांचे, निफाडजवळ द्राक्षबाग. दिवाळीच्या आधी बागेतली तार लागून डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला खरचटलं आणि आता चैत्र आला तरी ती जागा उघडीच आहे, उलट वाढलीये. पाणी गळतं, आजूबाजूची कातडी काळपट झालीये, संध्याकाळी पाय सुजतो, सकाळी उतरतो. शुगर आहे, एक गोळी चालू आहे. चार-पाच ट्यूबा संपल्या, एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक पुतण्याने सुचवलेली, एक फॅमिली डॉक्टरांची, आणि आता कुणीतरी ग्रोथ फॅक्टरवाली, म्हणजे पेशींची वाढ चेतवणारी प्रथिनं असलेली महागडी जेल सांगितलीये ती आणू का, असं विचारताय. जखमेचा फोटोही टाकलाय.

आत्ता आणू नका. ती जेल वाईट आहे म्हणून नाही, ती कशासाठी आहे आणि तुमच्या सासऱ्यांची जखम कशाची आहे याचा मेळच बसत नाहीये म्हणून. मी नाशकात सर्जरीची प्रॅक्टिस करतो, आणि ओपीडीत अशा जुनाट जखमांचे पेशंट आले की बहुतेकांच्या पिशवीत ट्यूबांचा ढीग असतो, पण पाय कोणी चाचपून बघितलेला नसतो. साध्या निरोगी पायावर खरचटलं तर काहीही लावा नाहीतर काहीही लावू नका, दोन-तीन आठवड्यांत भरतंच. जी जखम महिना-दीड महिना झाला तरी भरायचं नाव घेत नाही ती कशाने तरी अडलेली आहे, आणि ते अडवणारं कारण बहुतेक वेळा मलमाच्या आवाक्याबाहेरचं असतं. मुळाशी पाणी तुंबलेल्या वेलीवर तुम्ही फवारणीची औषधं बदलत राहिलात तर काय होईल ते सासऱ्यांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तुमच्या वर्णनावरून, पाय प्रत्यक्ष न बघता सांगतोय हे लक्षात ठेवा, मला हा शिरांचा व्रण वाटतो, व्हेनस अल्सर. पायातलं अशुद्ध रक्त वर चढवायला शिरांमध्ये झडपा असतात, त्या सैल झाल्या की उभं राहिल्यावर रक्त खाली घोट्याशी साचतं, दाब वाढतो, रक्तातला अंश कातडीत झिरपतो, त्यातल्या लोहामुळे कातडी तांबूस-काळपट होते, मग कडक होते, खाज सुटते, आणि मग एखादं साधं खरचटणंसुद्धा भरत नाही. जागा ठरलेली, घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा त्याच्या थोडं वर. जखम उथळ, कडा वेड्यावाकड्या, पाणी भरपूर, दुखणं पाय वर ठेवला की कमी. आयुष्यभर उभ्याने काम करणाऱ्यांना हे जास्त होतं. बागेत छाटणी-विरळणीला दिवसभर उभे असणारे, सातपूर-अंबडला मशीनवर उभे राहणारे, मिसळीच्या हॉटेलात भट्टीपुढे उभे असणारे आचारी, ट्रॅफिक पोलिस, शिक्षक, सगळे यात येतात.

पण शुगर आहे म्हणून दुसऱ्या शक्यताही तपासायला लागतात. जखम तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, भोवती जाड पांढरा घट्टा, आणि गंमत म्हणजे अजिबात दुखत नाही, अशी असेल तर ती शुगरने बधिर झालेल्या पायाची जखम, तिथे रोज चालताना पडणारा दाब हा खरा शत्रू. बोटांच्या टोकाला किंवा टाचेला, काळपट कोरडी, पाय गार, आणि रात्री इतका ठणका की पेशंट पाय पलंगाखाली लोंबकळत सोडून बसतो, तर ती शुद्ध रक्त कमी पोचण्याची जखम, यात बिडी-तंबाखूवाले जास्त. माकडहाडावर असेल तर अंथरुणाला खिळलेल्याची. पेठ-सुरगाण्याकडचा तरुण मुलगा घोट्याची जखम घेऊन आला तर मी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, टेस्ट पण करतो. एकच पाय, एकच जखम, पण कारण वेगळं असलं की औषध पूर्ण वेगळं, हे एवढं लक्षात आलं तरी निम्मी ट्यूब-खरेदी थांबेल.

म्हणून पहिलं काम, सर्जनकडे किंवा निदान एखाद्या अनुभवी डॉक्टरकडे जाऊन पायाच्या नाड्या तपासून घ्या. एक पावलाच्या वरच्या बाजूला लागते, एक घोट्याच्या मागे. नंतर पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, शिरांचा आणि धमन्यांचा दोन्ही, नुसता एकच करून परत येऊ नका, कारण पुढची सगळी ट्रीटमेंट त्यावर ठरते. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.८ च्या वर असेल तर दाबाची पट्टी बिनधास्त बांधता येते, ०.५ च्या खाली असेल तर अजिबात बांधायची नाही, बांधली तर पाय जायची वेळ येते. मधल्या आकड्यांना डॉक्टर हलक्या दाबाचं ठरवतात. शुगरवाल्यांच्या धमन्या कॅल्शियमने कडक झालेल्या असतात त्यामुळे हा आकडा खोटाच चांगला दिसतो, म्हणून नाडी हाताला लागते का आणि डॉप्लर काय म्हणतो हे पण बघायचं. नाशिकच्या सिव्हिलला किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजला सर्जरीच्या ओपीडीत दाखवलंत तरी चालेल, मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटलच पाहिजे असं काही नाही.

नाड्या नीट असतील आणि शिरांचाच व्रण निघाला तर खरं औषध म्हणजे दाबाची पट्टी. ऐकायला इतकं साधं आहे की पेशंटचा विश्वास बसत नाही, डॉक्टर ट्यूब न देता पट्टीच बांधतायत म्हणून तोंड वाकडं करून जातात. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर (पाऱ्याचा, बीपी मोजतात तसाच) दाब पडेल आणि गुडघ्याकडे जाताना कमी होत जाईल अशी, बोटांच्या मुळापासून सुरू करून टाच आत घेऊन गुडघ्याच्या खालपर्यंत. नुसतं क्रेप बँडेज गुंडाळलं तर दुपारपर्यंत सैल होऊन घोट्याशी गोळा होतं, त्याचा उपयोग नाही, दोन थरांची किंवा चार थरांची पट्टी शिकलेल्या माणसाकडून बांधून घ्यायची, ती बऱ्याचदा आठवडाभर राहते. सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडायच्या आधी बांधली तर सर्वात छान. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखायला लागलं तर लगेच सोडायची. आणि बसलं-झोपलं की पाय छातीच्या वर, स्टुलावर नाही, गादीखाली विटा किंवा दोन जाड उशा.

डॉप्लरमध्ये झडपा नादुरुस्त निघाल्या तर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने ती शीर बंद करतात. आधी आम्ही म्हणायचो जखम भरू दे मग शीर बघू. २०१८ साली इंग्लंडमधल्या ईव्हीआरए ट्रायलने दाखवलं की पट्टीच्या जोडीला शीर लवकर बंद केली तर जखम भरायला मधला काळ ५६ दिवस लागला आणि थांबून राहिलेल्यांना ८२ दिवस. म्हणजे ज्या पैशात पुढच्या सहा ट्यूबा आणि ती जेल येणार त्यातला काही भाग डॉप्लरला घालवा असं माझं म्हणणं. सरकारी योजनेत काय बसतं काय नाही ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, यादी बदलत असते.

आता मलमांकडे येतो, कारण तुम्ही विचारलंय ते तेच, आणि मलमाला काहीच अर्थ नाही असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मलमाचं काम जखमेचा तळ स्वच्छ आणि ओलसर ठेवायचं, कातडी आपली आपण येते. ओलसर म्हणतोय ते मुद्दाम, कारण आपल्याकडे अजूनही घरोघरी "जरा वारं लागू दे, खपली धरू दे" हेच चालतं. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी वाळवलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते, कारण नवीन पेशींना कोरड्या खपलीखालून खणत जावं लागत नाही. त्याला साठ वर्षं होऊन गेली तरी आपण अजून पंख्याखाली पाय ठेवतोय. याला एकच मोठा अपवाद, रक्तपुरवठा नसलेलं काळं कोरडं पडलेलं बोट. ते ओलं करायचं नाही, ओलं केलं की सडतं, ते कोरडंच ठेवून धमन्यांच्या डॉक्टरकडे पळायचं.

जखमेचा तळ उजेडात नीट बघा. लाल, ओला, डाळिंबाच्या दाण्यासारखा बारीक खरखरीत दिसतोय का, ते चांगलं मांस आहे, त्याला अँटिबायोटिक मलमाची गरज नाही, त्याला नुसतं जपायचं. पिवळा चिकट थर चिकटून बसलाय का, ते मेलेलं मांस, पुष्कळ लोक त्याला पू समजून आणखी अँटिबायोटिक लावत बसतात. हिरवट झाक आणि गोडसर उग्र वास आला तर सुडोमोनास नावाचा जंतू, त्याला एक टक्का ॲसेटिक ॲसिडने भिजवलेलं गॉज थोडे दिवस ठेवतो आम्ही, डॉक्टरला विचारून. कडेने फिकट गुलाबी-पांढरी पातळ पट्टी आत सरकताना दिसली तर खूश व्हा, ती नवी कातडी आहे, तिला कापसाने चोळू नका.

पिवळ्या थरासाठी सर्वात भारी उपाय म्हणजे सर्जनच्या हातातली ब्लेड आणि चिमटा, पाच मिनिटांत साफ. ते शक्य नसेल किंवा दुखत असेल तर कोलॅजिनेजचं मलम, हे एका जंतूपासून मिळणारं एन्झाइम आहे, मेलेल्या मांसाला बांधून ठेवणारे धागे तोडतं. दिवसातून एकदा, फक्त पिवळ्या भागावर. आणि इथे एक गोष्ट जी चिठ्ठ्यांमध्ये सर्रास चुकलेली दिसते, कोलॅजिनेज आणि चांदीचं मलम किंवा आयोडिन एकाच वेळी लावायचं नाही, चांदी आणि आयोडिन त्या एन्झाइमला मारून टाकतात, म्हणजे महागडी ट्यूब लावून तिचं पाणी केलं. पपईपासूनचं पपेन-युरिया पण याच कामाचं, ते जास्त झोंबतं, अमेरिकेत २००८ मध्ये त्यांच्या एफडीएने मंजुरी नसलेली पपेनची मलमं बाजारातून काढायला लावली, आपल्याकडे मिळतं, मी स्वतः आता फारसं वापरत नाही.

पोव्हिडोन आयोडिन, म्हणजे लोक ज्याला सरसकट बीटाडीनच म्हणतात, ते घाण, ताज्या, इन्फेक्शन असलेल्या जखमेला सुरुवातीचे काही दिवस ठीक आहे. पण लाल स्वच्छ तळ झाल्यावरही महिनोन्‌महिने तेच लावत राहिलं तर ते जंतूंबरोबर नव्या पेशींनाही त्रास देतं. थायरॉईडवाल्यांना आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना मोठ्या जखमेवर लांब पल्ल्याने नकोच. एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन मुळात भाजलेल्यांसाठी आलं, त्याचा थर जखमेवर दुसऱ्या दिवशी पिवळट-राखाडी पापुद्र्यासारखा जमतो आणि तो बघून घरचे घाबरतात की पू झाला, तो पू नाही, मलमच आहे, पण प्रत्येक वेळी धुवून काढल्याशिवाय नवीन लावायचं नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर हात लावू नका. म्युपिरोसिन दोन टक्के हे छोट्या, खरंच पिकलेल्या जागेसाठी, जास्तीत जास्त दहा दिवस, नंतर बंद. ते सहा-सहा महिने लावलं की जंतू त्याला सरावतात आणि मग खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही. वासाचा त्रास फार असेल तर मेट्रोनिडाझोल जेल, वास दोन-तीन दिवसांत कमी होतो, घरात माणसं जवळ बसायला लागतात, ही काही छोटी गोष्ट नाही.

आता तुमच्या पाच ट्यूबांपैकी मला सर्वात जास्त खटकली ती मेडिकलवाल्याची. नावावरून ती तीन-चार औषधांची खिचडी आहे, त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि निओमायसिन एकत्र. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, घरच्यांना वाटतं गुण आला, पण उघड्या जखमेत स्टिरॉइड भरण्याची क्रियाच मंदावतं आणि भोवतालची कातडी कागदासारखी पातळ करतं. आजूबाजूच्या इसबाला कधी कधी आम्ही स्टिरॉइड देतो, पण जखमेच्या बाहेर, थोडे दिवस, आणि लिहून. निओमायसिनचा प्रकार वेगळा. जुनाट पायाच्या जखमांच्या पेशंटमध्ये निओमायसिन आणि त्याच कुटुंबातलं फ्रामायसेटिन यांची ॲलर्जी बऱ्यापैकी दिसते, लॅनोलिनची आणि सुगंधी क्रीमचीही. ओळखायची खूण सांगतो. जखमेभोवतीची लाली बघा, ती नेमकी जिथवर मलम फासलंय तिथवर आहे का, कडा जणू आखल्यासारखी, त्यात बारीक पाणीदार पुरळ, आणि दुखण्यापेक्षा खाज जास्त. असं असेल तर इन्फेक्शन नाही, मलमच चावतंय. आणि होतं काय, लाली वाढली म्हणून माणूस तेच मलम दोनदाऐवजी चारदा लावतो. तुम्ही फोटोत दाखवलेली चौकोनी लाली मला तशीच वाटली, म्हणून आजपासून ती ट्यूब बंद. तेवढ्याने खाज कमी झाली तर मला नवल वाटणार नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आणि स्पिरिट, दोन्ही बंद. फेस आला म्हणजे साफ झालं असं नसतं, तो चांगल्या मांसावरही येतो.

मग लावायचं काय? तळ लाल असेल तर सगळ्यात साधं, वास नसलेलं, रंग नसलेलं. पांढरं पेट्रोलियम जेली लावलेलं निर्जंतुक गॉज, मेडिकलमध्ये पॅराफिन गॉज म्हणून मिळतं. तळ कोरडा वाटला तर हायड्रोजेल, पाणी जास्त गळत असेल तर जेल नको, वर जाड शोषणारं पॅड किंवा फोम. तुमच्या सासऱ्यांचं पाणी जास्त आहे म्हणजे जेलवाला प्रकार तसाही चुकीचाच. भोवतालची कातडी पांढरी फुगलेली दिसत असेल, धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी, तर कडेने झिंक ऑक्साईडचं साधं मलम लावा म्हणजे पाण्याने कातडी सडत नाही.

आणि लावायची पद्धत, यात लोक फार घाई करतात. हात साबणाने धुवा. जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढू नका, ओढलं की आठवड्याची नवी कातडी त्याच्याबरोबर येते आणि रक्त येतं, त्यावर सलाईन ओतून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, आपोआप सुटतं. सलाईनची बाटली नसेल तर एक लिटर पाण्यात दीड छोटा चमचा मीठ घालून दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा, त्याच दिवशी वापरा, उरलेलं फेका. जखम धुताना कापूस नको, त्याचे तंतू आत राहतात, गॉज घ्या नाहीतर नुसती धार सोडा. मलम बोटाने थेट जखमेवर चोपडू नका आणि ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नका, स्वच्छ गॉजवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर पसरा आणि ते गॉज जखमेच्या आकारात कापून ठेवा, म्हणजे चांगल्या कातडीवर मलम जात नाही. दिवसातून तीनदा ड्रेसिंग केल्याने जखम तीनपट वेगाने भरत नाही, प्रत्येक वेळी ती गार पडते आणि डिवचली जाते. पाणी जास्त असेल तर रोज, कमी झालं की एक दिवसाआड, पट्टी बांधलेली असेल तर पट्टी बदलेल तेव्हाच.

ग्रोथ फॅक्टरचं सांगतो, कारण ते नाव ऐकून आशा वाटते. बेकाप्लर्मिन नावाची जेल १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली ती शुगरमुळे बधिर झालेल्या पायाच्या जखमेसाठी, तीही रक्तपुरवठा चांगला असेल, मेलेलं मांस कापून काढलेलं असेल आणि पायावरचा दाब उतरवलेला असेल तेव्हाच. ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरची जेल तर भारतातही बनते. योग्य पेशंटमध्ये मी दोन्ही वापरतो आणि फरक पडतो. पण ज्या पायात रक्त तुंबलंय किंवा ज्या तळव्यावर माणूस दिवसभर चालतोय तिथे ही जेल म्हणजे पैसे गॉजला पुसणं. आणि जखमेच्या जागी कॅन्सरची शंका असेल तर ती लावायचीच नाही. तळव्याच्या जखमेचं खरं औषध म्हणजे घट्टा तासून काढणं आणि प्लॅस्टर किंवा खास बुटाने दाब दुसरीकडे वळवणं, एमसीआरची, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराची चप्पल ही जखम भरल्यावर परत होऊ नये म्हणून.

घरगुतीबद्दल तुम्ही विचारलंय हळद, मध आणि गावाकडचा दगडी पाला. मला घरगुती म्हटलं की नाक मुरडायची सवय नाही. मुंबईत डॉ. केसवानींनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग भाजलेल्या मुलांवर वापरून दाखवलं, केळीच्या पानाचं ड्रेसिंगही मुंबईत अभ्यासलं गेलं, आणि दोन्ही चालली, का, तर ती चिकटत नाहीत, ओलावा राखतात आणि स्वस्त आहेत. पण ती साली-पानं निर्जंतुक करून वापरली होती हे विसरू नका. मधाचंही तसंच, जखमेसाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मेडिकल मध मिळतो, तो पिवळा थर सोडवतो, थोडा झोंबतो, पण चांगला आहे. रस्त्यावरच्या बाटलीत मध किती आणि गुळाचा पाक किती ते देवाला माहीत, आणि कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. हळदीची पूड, राख, शेण, तंबाखू, चुना, यातलं काहीही उघड्या जखमेत नको, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा. दगडी पाला ताज्या खरचटण्यावर शेतात चोळतात ते मी समजू शकतो, सहा महिन्यांच्या व्रणावर नको. जात्यादि तेल किंवा घृत लावायचं असेल तर चांगल्या वैद्याला पाय दाखवून, आणि त्याच वेळी माझं दुसरं मलम चालू ठेवून नाही, दोघांपैकी कोण चावतंय ते मग कळत नाही.

खाण्याचं तर विचारूच नका, जखम झाली की आपल्याकडे पहिल्यांदा डाळ बंद, मग वांगं, मग आंबट, मग अंडं. म्हणजे मांस ज्याच्यापासून बनतं तेच बंद. मटकी, डाळ, दही, अंडी, चालत असेल तर मटण-मासे, सगळं द्या. फक्त किडनी बिघडलेली असेल तर प्रोटीनचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी, तपासा, शुगर ताब्यात नसेल तर एका गोळीने भागणार नाही. बिडी, मिश्री, तंबाखू बंद, यावर मी वाद घालत नाही.

भरतंय की नाही हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, जखमेशेजारी शाळेतली पट्टी ठेवून फोटो काढा, लांबी गुणिले रुंदी लिहा. योग्य उपचार चालू झाल्यावर चार आठवड्यांत क्षेत्रफळ साधारण ४० ते ५० टक्के कमी व्हायला पाहिजे. तसं होत नसेल तर मलम बदलायचं नाही, निदान परत तपासायचं. तीन महिने नीट उपचार करूनही हलत नसेल, कडा उंच उलटलेल्या दिसत असतील, फुलकोबीसारखं मांस वर येत असेल, हात लावला की रक्त येत असेल, तर कडेचा तुकडा काढून बायोप्सी करायची. जुन्या व्रणात आणि भाजलेल्या जुन्या डागात कॅन्सर होऊ शकतो, लवकर सापडला तर पाय वाचतो. लोक बायोप्सीच्या नावाने घाबरतात, तुकडा काढल्याने पसरतं वगैरे, असं काही नसतं.

ताप आला, लाली तासातासाला वर चढतेय, पाय एकदम सुजला, कातडी काळी-निळी पडली, दाबल्यावर आत कुरकुर वाजतंय, किंवा शुगर अचानक तीनशे-चारशेच्या वर, तर ट्यूब-पट्टी सोडा आणि त्याच रात्री ॲडमिट करा, सकाळची वाट बघू नका. शुगरवाल्याच्या पायात एका रात्रीत किती फरक पडतो ते ज्याने बघितलंय त्याला सांगावं लागत नाही.

बागेतलं काम पूर्ण बंद करायला सांगितलं तर सासरे ऐकणार नाहीत हे मला माहितीये. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आहे म्हणताय, तर निदान दर तासाला दहा मिनिटं पाय वर करून बसायचं, चालणं चांगलं पण एकाच जागी उभं राहणं वाईट, पोटरीचा पंप चालताना चालतो, उभं राहून नाही. आणि पुढे ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायला हायड्रोजन सायनामाईड लावतात तेव्हा त्यांनी त्या कामात हात घालू नये, ते कातडी जाळतं, उघड्या जखमेवर थेंब उडाला तर विचारायला नको.

राहिला वणीच्या गडाचा प्रश्न, दरवर्षी चैत्रात अनवाणी पायी जातात, यंदा जाऊ देऊ का. पायी नाही. जखम आहे म्हणून नाहीच, आणि जखम भरल्यावरही अनवाणी नाही. चैत्रातला डांबरी रस्ता तव्यासारखा तापलेला असतो, शुगरने तळवे बधिर झालेल्याला चटका कळत नाही, आणि यात्रेनंतरच्या आठवड्यात तळव्यावर हाताएवढे फोड घेऊन आलेले पेशंट दरवर्षी असतात, त्यातल्या काहींची बोटं जातात. रामकुंडावरच्या दुपारच्या फरशीचंही तेच. त्यांना एसटीने नाहीतर गाडीने न्या, पट्टी बांधून, मऊ बंद बूट घालून, मंदिरात चप्पल काढायचीच तर जाड स्वच्छ मोजे घालून, आणि पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने वर. परत आल्यावर मोजे काढून दोन्ही तळवे उजेडात बघा, बोटांच्या मधल्या बेचक्या पण. डॉप्लरचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो टाका, पट्टी कुठली घ्यायची ते मग सांगतो.